चार वाजताचा जवला

काल नारपोलीच्या बाजारात सुक्या जवल्याचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची गच्ची आठवली. आई जवला पसरत होती आणि दिनूदादाचा फोन आला. तो इंडोनेशियातल्या एका बेटाजवळ मालवाहू बार्जवर कामाला होता. आईचे हात ओले, म्हणून मोबाइल मी तिच्या कानाला धरला.

“आये, आपल्या समुद्रावरनं ढगांची मोठी फळी येते, पन या बेटांवर अडकते. रोज उन्हानं जमीन तापते, चार वाजले का पाऊस. रोज थोडी थोडी फुटून फळी हितंच संपते. पुढं न्हाय जात.”

“आन तू कवा येशील रं?”

“ह्यो पाऊस सरला का येतो.”

त्या दिवसापासून आई चार वाजले की कडकडीत उन्हातला जवला घाईघाईनं गोळा करायची. “दिनूकडं आता पडत आसंल,” म्हणायची. मला हसू यायचं.

दादा आला नाही. फोन आधी आठवड्यानं, मग सणासुदीला, मग बंद. आई गेली तेव्हाही नंबर लागला नाही. त्याला एखाद्या वादळानं गाठलं असेल, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. काल त्या वासाबरोबर त्याचं ढगांच्या फळीचं बोलणं आठवलं आणि तेवढाही आधार उरला नाही. वादळ आलंच नसणार. तो तिथल्या रोजच्या दुपारींतच थोडा थोडा संपला.