दुपारी मोजलेला बीम

रामकिसन मामा काल गेले. त्यांना कामावरून हाकलणारा सुपरवायझर मीच.

कमेंटमध्ये आरआयपी टाकण्याआधी पूर्ण वाचा.

दुष्काळाचं साल होतं. शहरात नळाला पाणी नव्हतं, पण बिल्डिंगा धडाधड उभ्या राहत होत्या.
मामा फुलंब्रीकडचे. चारा संपला, मेंढरं विकली आणि वाळूजला आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर लागले. पुढे फिटर झाले.

बारा मीटरचा लोखंडी बीम बारा मिलिमीटरपर्यंत वाकलेला चालतो. या टोकापासून त्या टोकाला दोरी ताणायची आणि मधली फट मोजायची.

मामा हे सकाळी सातलाच उरकायचे, ऊन चढायच्या आत. मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

एका एप्रिलमध्ये क्लायंट आला, दुपारी तीनला. मामांनी पास केलेल्या बीमला मी त्याच्यासमोर दोरी लावली.

फट अठरा.

"सायब, एकाच अंगाला ऊन लागलंय. तापलं की वाकतंय ते. उद्या सकाळी मोजा, बरुबर भरंल."

क्लायंट हसला. मग मीही हसलो.

"लोखंडाला ऊन लागतं होय? जा, मेंढरं राखा परत."

"मेंढरं इकली ना सायब."

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. मला वाटलं, उलट बोलतोय. मी सगळ्यांसमोर त्यांची दोरी कापली आणि गेट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एकटाच गेलो. नवी दोरी लावली.

फट आठ.

त्यांना परत बोलवायचं तर माफी मागावी लागली असती. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'तापवून सरळ केला.' मालकांनी पाठ थोपटली.

शेजारच्या शेडवाल्यानं मामांबद्दल विचारलं, तर मी म्हणालो, "नजर गेलीये त्याची."
मग मामा एका कॉलनीच्या गेटवर वॉचमन झाले. शेवटपर्यंत तेच.

आता माझ्या साइटवर कुणी दुपारी बीम मोजला तर मी झापतो. पोरं त्याला 'सरांचा नियम' म्हणतात. आणि मी म्हणू देतो. लाज वाटते, पण म्हणू देतो.

आज सकाळी त्यांच्या गावी गेलो होतो. मामींनी मला ओळखलं.

"सायब, खरं सांगा. त्यो बीम वाकडा व्हता का वो? लई लागलं व्हतं त्यांना. मरेस्तवर इचारत व्हते."

दारात चार माणसं बसलेली. सगळी माझ्याकडे बघत होती.

"थोडा होता, मामी."

त्यांनी डोळे पुसले. "मंग तुमचा काय दोष," म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

तो चहा मी प्यालो.

मामींकडे बटणांचा साधा फोन आहे. त्या हे कधीच वाचणार नाहीत. म्हणून तर इथं लिहायची हिंमत झाली.

मामा, तुमचा बीम सरळ होता. आठ मिलिमीटर.

श्रद्धांजली.