भावाचं न उघडलेलं पाकीट

आमच्या गावच्या अभ्यासिकेच्या दाराशी एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव आहे. गावी गेलो की मी त्या दारानं जात नाही, मागच्या दारानं आत शिरतो. तिथं अभ्यासाला बसणाऱ्या पोरापोरींना वाटतं, साहेब किती साधे! कसला साधा घेऊन बसलात.

गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे. सरकारी नोकरीत अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि अमरावतीला घर करून बसलो, तेव्हा गावच्या विहार कमिटीची चार माणसं आली. विहाराच्या बाजूला अभ्यासिका बांधायची होती. घराघरातून वर्गणी जमली होती. काम कोणत्या पद्धतीनं द्यायचं, एवढंच मी ठरवून द्यायचं होतं. त्यांच्या मनात सरळ रस्ता होता: सिमेंट, लोखंड, विटा आपण आणायच्या आणि नुसती मजुरी माझ्या चुलतभावाला द्यायची.

चुलतभाऊ मिस्त्री. माझ्याहून वर्षानं मोठा. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग मी अमरावतीला शिकायला गेलो, तो अकोल्याला एका मिस्त्रीच्या हाताखाली. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, पण दर वेळी ठेका दुसऱ्याचा आणि घाम याचा. आयुष्यात एक तरी इमारत आपल्या नावानं उभी करावी, ही त्याची जुनी हौस. कमिटी येऊन गेली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. “अबे, यावेळी मी कोनाच्या हाताखाली नाई राहत. तू फक्त नकाशा दे.”

मला आनंद व्हायला हवा होता. मला धसकाच बसला. लोक म्हणतील, साहेबानं भावाले काम देल्लं. सारी नोकरी मी हेच तर जपत आलो होतो, निदान कागदावर. म्हणून मी कमिटीला सांगितलं की समाजाचा पैसा आहे, रीतसर सीलबंद दर मागवू, मटेरियलसकट सगळं काम एकाच ठेकेदाराला देऊ, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवणार नाही. कमिटीतल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, घरचा मिस्त्री असताना बाहेरचा कायले? मी त्यांना पारदर्शकतेवर व्याख्यान दिलं. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

बरं, दर मागवून थांबलो असतो तरी चाललं असतं. भावानंही दर भरला असता. पण मी वर एक अट घातली. ठेकेदार नोंदणीकृत हवा, आणि अशी एक इमारत स्वतःच्या नावावर पूर्ण केल्याचा दाखला हवा. अशी अट कशी लिहितात हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या कचेरीत आधी माणूस बघायचे, मग अट लिहायचे, आणि मग ती नियम म्हणून सगळ्यांना वाचून दाखवायचे. कोणाला तरी आत घेणाऱ्या अटींवर मी डोळे मिटून सह्या केल्या होत्या. भावाला बाहेर ठेवणारी मात्र मी स्वतः बसून लिहिली, चांगली दोनदा खोडून. मला लाज वाटते ती याची.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात पाकिटं उघडायला बसलो. तीन अकोल्याहून आली होती. चौथं भावानं आणलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. पाकिटावर त्याच्या मुलीच्या वळणदार अक्षरात कामाचं नाव लिहिलेलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, “तुमच्याकडे दाखला आहे का?” जन्मभर ज्याला अबेतुबे केलं, त्याला त्या दिवशी मी ‘तुमच्याकडे’ म्हणालो.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. नियमात बसत नाही, असं म्हणून मी पाकीट तसंच त्याच्या हातात परत दिलं. त्यानं ते खिशात घातलं आणि शेवटपर्यंत बसून राहिला. सगळ्यांना चहाही त्यानंच वाटला.

काम अकोल्याच्या एका ठेकेदाराला गेलं. त्याला गावात मिस्त्री लागणारच होता. त्यानं माझ्या भावालाच रोजीनं ठेवलं. म्हणजे पायापासून स्लॅबपर्यंत अभ्यासिका बांधली ती भावानंच, आणि पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. मी अमरावतीहून देखरेखीला यायचो, सावलीत खुर्ची टाकून ठेकेदाराशी बोलत बसायचो. समोर भाऊ उन्हात ओळंबा धरून उभा असायचा. त्याच्या कामात मला एकदाही खोट सापडली नाही. खोटं कशाला बोलू, मी शोधत होतो. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तो दाराशी ती पाटी बसवत होता. आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही. विचारलं, त्या पाकिटात दर किती भरला होता?

तो थापीनं सिमेंट कालवत राहिला. मग म्हणाला, “दर नोता भरला. लिवलं होतं का मटेरियल तुमी आनजा, माही मजुरी वर्गनीत धरजा. फक्त पाटीवर मिस्त्री म्हनून माहं नाव टाकजा.”

“मग तेव्हाच काहून नाई बोलला बे?” माझा आवाज चढला. चूक माझी आणि ओरडत होतो त्याच्यावर.

“नियमात बसत नोतं ना, साहेब.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, मग कदाचित माफीही मागितली असती. तो उठला, दोन पावलं मागं सरला आणि पाटी सरळ बसली का ते पाहायला सांगितलं. मी पाहिलं. कमिटी, ठेकेदार, देणगीदार, मी. सगळे होते. सरळ आहे, म्हणालो. मग त्यानं खांद्यावरचं फडकं ओलं केलं आणि माझ्या नावावर उडालेलं सिमेंट नीट पुसून काढलं.