वडिलांची चकमक आणि मेडिकलचा कापूस

शाळेत नववीच्या पोरांना मी ज्वलन शिकवतो. इंधन, हवा, उष्णता असं फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारतो. गेल्या येळवशीला गावी, चिंताकीच्या आमच्या शेतात हे तिन्ही माझ्यापुढे हजर होते आणि मला पाऊण तासात विस्तव पाडता आला नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडायचे, बाहेर तीन दगडांवर दूध उतू घालवायचं, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील. आमच्या घरचं एक जास्तीचं खूळ होतं. आजे-पणजे मेंढरं राखणारे, म्हणून दुधाखालचा जाळ चकमकीचाच लागायचा. एक गारगोटी आणि लोहाराने जुन्या कानशीतून ठोकून दिलेला पोलादाचा तुकडा, दोन्ही वडिलांच्या कातडी चंचीत असायचे. दोन-तीन ठोक्यांत ते विस्तव पाडायचे. दूध उतू गेल्याशिवाय आई घास घेत नसे.

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि मग ही पहिलीच येळवस आली. आईने आधीच सांगून ठेवलं, "त्येंच्या चकमकीच्या इस्तवाबिगर मी जेवायची न्हाई."

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा बोललोय आणि दरवेळी तोंडघशी पडलोय.

आदल्या दिवशी बिदरच्या घरी चंची उघडली, तर आत काजळीसारखी काळी घाण. ती कचऱ्यात झटकली, चंची साबणाने धुतली, पोलादाचा गंज घासून काढला आणि मेडिकलमधून आणलेला पांढराशुभ्र कापूस आत भरला. बायकोला कौतुकाने दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "काडीपेटीबी ठेवा सोबत." मला तो अपमान वाटला.

शेतात गारगोटीवर कापूस अंगठ्याने दाबून धरला आणि ठोके घालू लागलो. ठिणग्या चांगल्या उडत होत्या. कापूस मात्र ढिम्म. मी बसून ठोकलं, उभं राहून ठोकलं, वाऱ्याकडे पाठ करून ठोकलं. अंगठ्याचं साल गेलं, तेव्हा कुठे त्या कापसाचा काही उपयोग झाला.

शेजारच्या शेतातले अण्णा हात धुऊन, पान लावून बांधावर आले. बघत उभे राहिले. "गुर्जी, तुमचं दूध उतू जायच्या आदी दही व्हायलंय बगा," असं म्हणून निघून गेले.

ऊन कललं होतं. आई कोपीच्या तोंडाशी बसून होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आता मात्र मला रडू यायचंच बाकी राहिलं. बापाचं एवढंसं काम आपल्याला जमू नये, याची लाज वाटली. शेवटी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, काय चुकायलंय कळंना."

"चंचीतलं काळं कुटंय?"

"टाकून दिलं. घाण होती."

"घाण न्हाई ती. जळका कपडा हाय. ठिणगी त्यालाच धरती, तुझ्या पांढऱ्या कापसाला कामून धरंल?"

तिने पिशवीतून तंबाखूची जुनी डबी काढली. आत काळ्या, हात लावताच चुरणाऱ्या चिंध्या. दरसाल जुनं सुती कापड बंद डब्यात जाळून ती हे करत आली होती, आणि मी जन्मभर कौतुक केलं ते वडिलांच्या मनगटाचं.

"यंदाचं कशाचं केलंस?"

"त्येंच्या धोतराचं."

मी चिंधी गारगोटीवर धरली. दुसऱ्याच ठोक्याला तिच्या कडेला लाल ठिपका धरला. तो गोवरीच्या चुऱ्यात ठेवून आईनेच फुंकला. दूध उतू गेलं, तिने हात जोडले आणि जेवायला बसली.

"मग आदीच कामून दिली न्हाईस?" मी विचारलं.

"तू इचारलास कुटं?"

जेवण झाल्यावर उरलेल्या चिंध्यांची डबी तिने माझ्या हातात ठेवली. डबी धुणार नाही, हे मला तिला दोनदा सांगावं लागलं.