धुळ्याहून आलेली काडेपेटी

दिलीप काल गेला. एका माशीवरून मी त्याला तीस वर्षं फसवलं.

मला असं लिहायची सवय नाही. पण आज लिहायलाच हवं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तो धुळ्याला प्राणिशास्त्र शिकवायचा, मी जळगावला.
हॉवरफ्लायचं वेड दोघांनाही. मधमाशीसारखे पट्टे, पण पंख दोनच. फुलासमोर हवेत एका जागी थांबते ती माशी.

तो काडेपेटीत कापसावर माशी ठेवून एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचा.
मी स्टँडवरून घ्यायचो आणि नाव कळवायचो.

नावं माझ्याकडच्या पुस्तकातून. ते उत्तरेतल्या डोंगराळ भागातल्या माश्यांवरचं. पोटावरचा काळा पट्टा रुंद, म्हणजे माशी काळी दिसत असेल तर एक जात; अरुंद, म्हणजे पिवळी दिसत असेल तर दुसरी.

तेच धरून, खान्देशातही या दोन जाती आहेत असा पेपर मी एका परिषदेत वाचला होता. कौतुक झालं होतं.

मग दिलीपला शिंदखेड्याला करडईवरच्या मावा किडीत अंडी घालणारी माशी दिसली. तिची अंडी आणून त्याने अळ्या मावा चारून वाढवल्या. महिन्याभराने स्वतःच काडेपेटी घेऊन आला.

"भो, एकाच माशीची पोरं. कोष थंडीत ठेवले त्या काळ्या निघाल्या, घरात ठेवले त्या पिवळ्या. जात एकच शे!"

"पुस्तकात दोन आहेत."

"मग माशीले पुस्तक वाचाले लाव!"

तो हसला. मी नाही हसलो.
"तुझ्या अळ्यांची सरमिसळ झाली असेल," म्हणालो.

त्याने काडेपेटी मिटली. मग म्हणाला, "असेल. तू माझ्यापेक्षा बारीक बघतोस."

धुळे-जळगावच्या माश्यांची त्याची यादी छापायला जायची होती. त्याने दोन जाती लिहिल्या. माझ्या शब्दावर.

पुढच्या हिवाळ्यात मीही गुपचूप अळ्या वाढवल्या. निम्मे कोष गच्चीवर, निम्मे स्वयंपाकघरात.

गच्चीवरच्या काळ्या. घरातल्या पिवळ्या.

एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण पेपर माझा होता.
नंतर आमच्या भेटी झाल्या, लग्नकार्यं झाली. मी बोललो नाही.

काल त्याच्या मुलीने काडेपेटी हातात दिली. "काका, बाबांनी तुमच्यासाठी ठेवली होती."

आत दोन माश्या, शेजारी शेजारी. एक काळी, एक पिवळी. खाली त्याच्या अक्षरात चिठ्ठी:

"अजूनही एकच वाटते. जळगावला विचारणे."

भो, एकच आहे.
पुढच्याच हिवाळ्यापासून मला माहीत होतं.
तुझं बरोबर होतं. यादी मी बिघडवली.

दिलीप, शेवटचा नमस्कार.