ओसरीवरची दोन पानं

अप्पांची लघवी तुंबली तेव्हा मी धारवाडला माहेरी होते. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, कुणापुढे वाकायचा नाही. पण मोटारीतून हुबळीपर्यंत लहान मुलासारखा कण्हत गेला. तिथल्या डॉक्टरांनी बेंबीखाली छेद देऊन मूत्राशयात रबरी नळी घातली. "वाढलेली प्रोस्टेटची ग्रंथी आत्ताच काढली तर झेपायचं नाही," ते म्हणाले. "अंगात ताकद आली की दुसरं ऑपरेशन करू. त्यात जिवाला धोका आहे. नको असेल तर ही नळी जन्मभर राहील."

नळी आणि धोतरात लपवलेली बाटली घेऊन अप्पा घरी आले आणि स्वतःच स्वतःला ओवळं ठरवून मोकळे झाले. पूजा बंद, पंगत बंद. ओसरीवर एकट्याचं पान मांडायचं, आईनं वरून वाढायचं. सोवळ्याचं खूळ त्यांचं त्यांनाच भोवलं, त्याला औषध कुठलं? चार घास खाऊन आईला "साकु, पुरे" म्हणत उठायचे.

एके दुपारी आईनं आपलं पान उचललं आणि ओसरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आमच्याकडे बायका पुरुषांमागून जेवत. नवऱ्याच्या शेजारी बसून ती जन्मात जेवली नव्हती.

"अगं, विटाळ होईल की."

"होऊ दे की. जेवून आंघोळ करीन. तुम्ही भात संपवा."

मग ते रोजचंच झालं. आमटी अळणी आहे म्हणून ते कुरकुरायचे, ती जशास तसं उत्तर द्यायची आणि दोघं हसायची. आईला तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं. ते हसू आठवलं की अजून जीव कासावीस होतो. नळी राहू दे, माणूस डोळ्यांसमोर राहू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

अप्पांना मात्र पंगत हवी होती. ते दुसऱ्या ऑपरेशनला गेले, आई देव पाण्यात घालून बसली. ग्रंथी निघाली, जखम सावकाश भरली, नळी गेली. घरी आल्यावर अप्पांनी सोवळं नेसून पूजा केली आणि पंगतीत पहिल्या पाटावर बसले. आम्हां सगळ्यांना आनंद झाला. आई लगबगीनं तूप वाढत होती.

पुरुषांची जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तिनं भात कालवला आणि तसाच ठेवला.

"देवानं ऐकलं गं माझं," ती म्हणाली. "पण ओसरीवर बरं वाटायचं."