टोपली कुठून भरायची

मापवालीला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. जेवतानाही तिचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा आणि आई म्हणायची, "अगं, पायाला भिंगरी लावून जन्मलीस की काय?" तिने कामही तसंच धरलं. मोठमोठ्या मच्छीमार बोटींवर जायचं, जाळं वर आलं की त्यातली टोपलीभर मासळी बाजूला घ्यायची, त्यात मोठी किती आणि वाढायची राहिलेली पिल्लं किती, ते वजन करून कार्यालयाला कळवायचं. पिल्लं फार निघाली की समुद्राचा तो पट्टा सगळ्या ताफ्याला बंद, मासा वाढेपर्यंत. एका टोपलीवरून अख्ख्या समुद्राची नाडी बघायची म्हणा ना! आता असल्या बाईवर खलाशांचं प्रेम कुठून असणार?

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. ज्याची पाळी होती तो मापाडी आजारी पडला आणि तिला थेट दादाच्या बोटीवर धाडलं. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, या बोटीचा कप्तान. आई नको नको म्हणत असताना "जाऊ दे तिला समुद्रावर" असं ठासून सांगणारा हाच. आणि आता याच्याच मानेवर सुरी होती. मागच्या खेपा अर्ध्या रिकाम्या आल्या होत्या. याही वेळी मासळीचा खण भरला नाही तर कप्तानकी गेली, असं कंपनीने तोंडावर सांगितलं होतं.

कप्तानाची बहीण म्हटल्यावर काय विचारता! "ताई, तुम्ही बसा, टोपली आम्ही भरतो." पहिल्या जाळ्याला ती बसली आणि माप झकास आलं. सगळी मोठी मासळी. दादाने वरच्या केबिनमधून अंगठा उंचावून शाबासकी दिली.

पण तिला चैन पडेना. डेकवर नुसत्या येरझारा. चहा हातातच निवला. खलाशांनी लबाडी केली नव्हती. बिचाऱ्यांनी हाताला लागली ती वरची मासळी उचलली होती. पण बोट डोलते तशी, जाळं ओततात त्या हौदातली बारीक मासळी फटींतून खाली सरकते आणि मोठी वर राहते. डब्यातल्या तांदळाची कणी तळाला जाते, तसंच. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती बसून राहिली, वर मनातून तिला हायसं वाटलं, हेच तिला खात होतं.

दुसरं जाळं हौदात ओतलं तशी ती बूट चढवून स्वतःच आत उतरली.

"अहो ताई, हे काय!"

"गप रे. फावडं दे इकडे."

वरची, मधली, तळाची, अशी सगळीकडची मासळी तिने टोपलीत घेतली. तळातून बोटाएवढी पिल्लं निघाली, ओंजळीमागून ओंजळ. एकदाही अंडी न घातलेली. तिने वजन केलं. खात्रीसाठी पुन्हा केलं. माप मर्यादेच्या कितीतरी बाहेर गेलं होतं.

ती वर केबिनमध्ये गेली. "दादा, पहिलं माप खोटं होतं. दोन्ही कळवतेय."

दादाने चाक सोडलं नाही. "खण भरू दे गं. दोन दिवसांनी कळव. कोण मरतंय तेवढ्यात?"

"तू एकटा आहेस का इथे? अख्खा ताफा जाळी ओढतोय. दोन दिवसांनी बंद करायला उरणार काय?"

"आणि माझं काय?"

तिला रडू फुटलं, आणि रडत रडतच तिने कळवलं.

दुपार कलायच्या आत पट्टा बंद झाला. वायरलेसवर बाकीच्या बोटींचा एकच कालवा उठला. कोण ती दीडशहाणी? टोपलीत हात तरी घातला का तिने? बाईमाणसाला बोटीवर घेतलं की असंच!

दादा दात आवळून ऐकत होता. मग त्याने माईक ओढला. "माझी बहीण आहे ती. हौदात उतरून माप घेतलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. माप बरोबर आहे. उचला जाळी."

त्याने बोट बंदराकडे वळवली. ती दारातच उभी होती.

"धक्क्यावर तुझी वहिनी येईल," समोरच्या पाण्याकडे बघतच तो म्हणाला. "तिला तू सांग. माझ्याच्यानं होणार नाही."