तांडेल आणि तिचा पहिला ड्रायव्हर

ऑफिसात एखादं मशीन बंद पडलं की बाकीचे सगळे स्क्रीनकडे धावत. हेमाताई जागची हलत नसे. तिथूनच, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "कोण पडला? आणि कोणाकोणाला घेऊन पडला?" नव्या माणसाला वाटायचं, जिन्यात अपघात झाला.

त्या आवाजामुळेच तिला आम्ही पाठीमागे 'तांडेल' म्हणायचो. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वडील खरोखरच बोटीवर तांडेल होते, आणि भर वाऱ्यात खलाशांना हुकूम सोडायचा त्यांचा गळा लेकीकडे आला होता. नाव तिला माहीत होतं. एकदा म्हणाली, "पाठीमागे कशाला बोलता? तोंडावर बोला. माझ्या बापाला लोक मान द्यायचे त्या नावाने."

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्यांचा गाळा आणि वर आम्ही, अशी आमची छोटी कंपनी. आम्ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचो, शाळा-वाचनालयांतल्या स्वस्त संगणकांसाठी. हेमाताई तिच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची प्रमुख. प्रिंटर, कीबोर्ड, कॅमेरा अशा प्रत्येक वस्तूशी बोलायला एक छोटा प्रोग्राम लागतो, तो ड्रायव्हर. आमच्याकडे हे सगळे ड्रायव्हर गाभ्यातच बसवलेले होते. त्यात काम झपझप होतं. पण गाभ्यात बसलेला एक जरी कोसळला, तरी सगळं मशीन त्याच्याबरोबर जातं. तिचा तो प्रश्न त्यातून आलेला.

तिची आणखी एक सवय म्हणजे दुसऱ्याचा कोड मोठ्याने वाचणं, तोही मराठीत. माझा पहिला कोड तिने असाच वाचला. "हा आला. दार उघडलं. आत गेला. सामान घेतलं. बाहेर आला. दार लावलं नाही. मंदार, तुझ्या घरी दारं लावत नाहीत का रे?" सगळे हसले. मीही हसलो, कारण लगेच खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली आणि दार कुठे लावायचं ते दाखवून गेली. दुपारी जवळ्याची चटणी मात्र ती गच्चीवर जाऊन खायची. "मालक जैन माणूस आहे, त्याच्या नाकावर कशाला अत्याचार," म्हणायची.

मग आम्हाला एका हॉस्पिटलचं काम मिळालं. पेशंटच्या उशाशी जे मॉनिटर असतात, त्यांच्यात आमची सिस्टीम बसवायची होती. त्यांची अट एकच, मशीन पडता कामा नये. गाभ्यातले जुने ड्रायव्हर तपासायला घेतले तेव्हा एकावर सगळ्यांचं बोट थांबलं. ब्रेल छापणाऱ्या एका जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर. तो प्रिंटर आता बनतही नव्हता. आणि तो ड्रायव्हर हेमाताईने लिहिलेला होता, कंपनीत आल्यावरचा तिचा पहिला.

मालक म्हणाले, "उडवून टाका ना. एक प्रिंटर कोणाला पाहिजे?" मला ते पटलं नाही. मी तावातावाने म्हणालो, "ताईचा पहिला ड्रायव्हर आहे तो. पडून राहिला तर काय बिघडतं? हॉस्पिटलात ब्रेल प्रिंटर कोण जोडणार आहे?"

"गप बस," ताई म्हणाली. "माझा आहे म्हणून राहणार नाही आणि एकटा आहे म्हणून जाणार नाही. वापरतंय कोण, ते आधी बघून येऊ."

वापरणारे सापडले बोरिवलीला. अंध मुलांसाठी शिकवणी चालवणारे सावंत सर. मूळचे मालवणकडचे, स्वतःही दृष्टिहीन. तळमजल्याच्या दोन खोल्या, एका कोपऱ्यात तो प्रिंटर, आणि भिंतीला लागून जाडजूड ब्रेल पुस्तकांच्या चळती. सगळी त्यांनीच छापलेली. ताईने ओळख करून दिली तेव्हा सर उभे राहिले. "तुमी लिवलात ह्यां? बसा, बसा. च्या घेतल्याशिवाय सोडूचंय नाय."

मला वाटलं होतं, सर हात जोडून सांगतील, काढू नका. त्यांनी तक्रारही केली नाही. चहा पिताना सहज बोलले, "कागद अडाकलो की सगळाच बंद पडता. पोरांनी टाइप केलेलो धडो पण जाता. परत लिवतत बिचारी. मशीन म्हातारा झाला, काय करतलास?"

ताईने कप खाली ठेवला. "सर, एकदा कागद अडकवून दाखवता?"

सरांनी कागद तिरका सरकवला. प्रिंटर करकरला, थांबला, आणि त्याच्याबरोबर संगणकही गोठला. शेजारी एक मुलगी निबंध टाइप करत होती. कळ दाबल्यावर अक्षर बोलून दाखवणारा आवाज बंद झाला, तशी तिची बोटं हवेत थांबली. "गेलं का सर?" तिने विचारलं. कुरकुर नाही, काही नाही. सवय झालेली.

परतताना रिक्षात, जोगेश्वरीच्या सिग्नलला ताई म्हणाली, "इतकी वर्षं तो माणूस मशिनच्या म्हातारपणाला बोल लावतोय. म्हातारपण कसलं? माझा ड्रायव्हर कागदाची वाट बघत बसतो आणि सगळ्यांना धरून बसतो."

"एवढंच ना? वाट बघायला मर्यादा घालू. दोन ओळींचं काम," मी म्हणालो.

"ही एक चूक सापडली. बाकीच्या कुठे आहेत, मला माहीत नाही. मला, जिने लिहिलाय तिला माहीत नाही. असल्याला पेशंटच्या उशाशी नेऊन बसवू?"

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिने स्वतःच सांगितलं, ड्रायव्हर गाभ्यातून काढायचा. मालक खूश झाले. मग ती म्हणाली, "फेकायचा नाही. बाहेर ठेवायचा, साध्या प्रोग्रामसारखा. पडला तर एकटा पडेल."

"एका शिकवणीसाठी? हेमाबेन, डिलिव्हरी डोक्यावर आहे."

"डिलिव्हरी वेळेवर होईल. ती माझी जबाबदारी. हीही माझीच."

तिने जुना कोड माझ्यासमोर काढला. काढण्याआधी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला, नेहमीसारखा, पण या वेळी टोमणे न मारता. एका ठिकाणी थांबली, म्हणाली, "हे मात्र झकास लिहिलं होतं," आणि तेही पुसलं. मग आम्ही दोघांनी बसून नवा लिहिला. तो जुन्याहून बराच हळू होता. तिला ते डाचत होतं. बोरिवलीला बसवून आलो, आणि आठवड्याने सरांचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. "सावकाश चलता, पण आता पडणा नाय हां. काल कागद अडाकलो, आणि पोरगी आपली टाइप करीत ऱ्हवली. तिका कळलाच नाय!" ताईने फोन ठेवला आणि तोंड धुवायला म्हणून गेली, ती बऱ्याच वेळाने आली. पुढच्या वर्षभरात तिने एकेक करत बाकीचे ड्रायव्हरही बाहेर काढले.

पुढे कंपनी विकली गेली. नव्या लोकांनी तिला बंगळुरूला बोलावलं. "मासळी कोण देणार तिकडे?" म्हणून तिने नकार दिला आणि घरी बसली. त्यानंतर दोन पावसाळे गेले, आणि ती आजारी असल्याचं कळायच्या आधी ती वारल्याचंच कळलं.

मी वर्सोव्याला गेलो. तिचा धाकटा भाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. शेजारी बोंबील वाळत होते. मी ऑफिसातला म्हटल्यावर त्याने पाट पुढे सरकवला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ताई तिकडे नेमकं काय करायची? विचारलं की हसायची फक्त. सगळे विचारतात, तुझी बहीण कॉम्प्युटरमध्ये काय होती. मला सांगता येत नाही."

मी त्याला बोरिवलीची ती मुलगी सांगितली. तिचा निबंध, कागद अडकला तरी तिची बोटं कशी चालू राहिली, ते सगळं.

त्याचा हात जाळ्यावर थांबला. "मग त्या पोरीला माहिताय का, ताईने केलं ते?"

"नाही," मी म्हणालो. "काही झालं होतं, हेच तिला कळलं नाही."

घराकडे वळून, हुबेहूब ताईच्याच आवाजात त्याने हाक मारली, "आये, बाहेर ये. ताईचं काम सांगतोय हा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पहिल्यापासून सांग रे."